कठड्यावरचे मेण

वरळीच्या समुद्रकाठी, खान अब्दुल गफार खान मार्गाच्या पदपथावर, सकाळी फिरायला जाण्याची आमची जुनी सवय आहे. एका रविवारी तिथे एक छोटेसे भांडण ऐकायला मिळाले. चौदा-पंधरा वर्षांची तीन मुले, पायांत एका ओळीत चार चाके असलेले इनलाइन स्केट. त्यांतल्या एकाच्या हातात घरातली पांढरी मेणबत्ती होती आणि तो बसायच्या काँक्रीटच्या ओट्याची कड त्या मेणबत्तीने मन लावून घासत होता. मग दुसरा लांबून वेगाने येई, उडी मारी आणि चाकांवर नव्हे, तर बुटाच्या तळाच्या मधल्या भागावर त्या कडेवरून आडवा घसरत जाई.

रोज त्याच ओट्यावर बसणारे एक आजोबा रागावले होते. ‘‘अरे, मेण चोळून ठेवता. उद्या मी उठताना हात टेकला आणि सटकला, तर?’’

‘‘आजोबा, फक्त कडेला लावलंय, वर नाही,’’ मुलगा म्हणाला. ‘‘आणि नाही लावलं तर मीच तोंडावर पडतो.’’

दोघांचेही खरे होते. आम्ही आपले विज्ञानाच्या अधिकाराने मध्ये पडलो आणि मुलाला म्हणालो, ‘‘कड नीट घासून गुळगुळीत करून घे, म्हणजे मेणाची गरजच पडणार नाही.’’ त्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘‘घासलीय काका. घासल्यावर अडकायचं थांबतं, पण ओढ राहते. ओढ मेणानंच जाते.’’

अडकणे आणि ओढ. घरी परतताना हे दोन शब्द आमच्या डोक्यातून जाईनात. घर्षण कशामुळे होते, या प्रश्नावर युरोपातल्या शास्त्रज्ञांनी जवळजवळ अडीचशे वर्षे जो वाद घातला, तो नेमका या दोन शब्दांमधला वाद होता. आपण वर्गात शिकवतो ते सहसा त्यातले पहिले अर्धेच असते.

चाके असून चाकांवर न चालणारा खेळ

स्केटचा इतिहास हा घर्षण टाळण्याचा इतिहास आहे. मूळचा बेल्जियमकडचा जोसेफ मर्लिन हा कल्पक कारागीर १७६० च्या दशकात लंडनमध्ये चाके लावलेले बूट घालून वावरला. एका समारंभात व्हायोलिन वाजवत तो स्केटवरून आला आणि थांबता न आल्याने मोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी हकीकत सांगतात. १८१९ मध्ये पॅरिसच्या पेतिब्लेदने एका ओळीतल्या चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले, पण तो स्केट वळवणे अवघड होते. १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने पुढे दोन व मागे दोन अशी चाके लावून ती अडचण सोडवली आणि पुढची शंभरहून अधिक वर्षे तोच प्रकार चालला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा स्कॉट ओल्सन हा आइस हॉकी खेळणारा तरुण उन्हाळ्यातल्या सरावासाठी जुन्या एका ओळीच्या रचनेकडे वळला. तोवर पॉलियुरेथेनची मऊ, चिवट चाके मिळू लागली होती, त्यामुळे साध्या रस्त्यावरही हे स्केट चालू शकले.

पुढे १९९० च्या आसपास मुलांनी त्यावर एक उलटाच खेळ रचला. स्केटबोर्डवाल्यांचे पाहून ती जिन्यांच्या कठड्यांवरून आणि ओट्यांच्या कडांवरून घसरू लागली. याला ‘ग्राइंड’ म्हणतात. १९९५ मध्ये अमेरिकेत भरलेल्या पहिल्या ‘एक्स्ट्रीम गेम्स’मध्ये या धाटणीच्या स्केटिंगला स्थान मिळाले. या खेळासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकांमध्ये मोकळी जागा ठेवून तिथे नायलॉन किंवा फार लांब रेणूंच्या पॉलिथिलीनचा टणक ठोकळा बसवतात. म्हणजे घर्षण टाळण्यासाठी चाके शोधायची आणि मग ती हवेत ठेवून सरळ दगडावर घसरायचे!

घसरायचे तर जागा तयार करावी लागते. ही तयारी आम्ही त्या मुलांकडूनच समजून घेतली. आधी कड झाडून रेती काढायची. मग धार लावायच्या दगडाने किंवा पॉलिश पेपरने वर आलेले टोकदार कण घासून टाकायचे. मोठी भेग असेल तर रंगारी भिंतीला भरतात तशी लांबी भरायची. काँक्रीट फार सच्छिद्र असेल तर ते मेण शोषून घेते, म्हणून काही जण आधी पारदर्शक लॅकरचा फवारा मारून तो वाळू देतात. शेवटी मेण, तेही पातळ आणि फक्त कडेच्या पट्टीवर. पहिली घसरण नेहमी हळू घ्यायची, कारण जास्त मेण झाले तर पाय निसटतो, आणि मेणाची पट्टी मध्येच संपली तर पाय थांबतो व शरीर पुढे जाते. मे महिन्यातल्या दुपारी मेण मऊ पडते, त्याला समुद्रावरून उडणारी वाळू चिकटते आणि कडेचा पॉलिश पेपर होतो. तेव्हा जुने मेण खरवडून नव्याने सुरुवात!

पाणी ओतणारा माणूस

पृष्ठभाग तयार करण्याचे हे काम फार जुने आहे. इजिप्तमध्ये अल बर्शा येथे जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचे एक भित्तिचित्र होते. घसरपाट्यावर ठेवलेला प्रचंड पुतळा माणसांच्या रांगा दोरांनी ओढत आहेत, आणि पाट्याच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एक माणूस समोरच्या वाळूवर पाणी ओततो आहे. हा काही धार्मिक विधी असावा, असे अनेकांना वाटत असे. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले, की वाळूत नेमके बेताचे पाणी असेल तर ओढण्याला लागणारे बल जवळजवळ निम्मे होते. कोरड्या वाळूचा पाट्यापुढे ढीग साचतो, तर ओली वाळू घट्ट राहते. दादर चौपाटीवर किल्ला बांधणाऱ्या मुलांना हे ठाऊक असते: कोरडी वाळू ढासळते, जास्त पाण्याची वाहून जाते, बेताची ओली उभी राहते.

आमच्या वरळीच्याच उत्तर टोकाला, किल्ल्याच्या पायथ्याशी, कोळीवाडा आहे. पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर चढवून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही कोळी बांधवांची पूर्वापार रीत. जड होडी वाळूवरून नुसती ओढत नाहीत, तिच्याखाली लाकडी ओंडके घालतात. थोडक्यात, घर्षणावर माणसाचे दोन उपाय आहेत: मध्ये फिरणारे काही घाला, किंवा मध्ये निसरडे काही घाला. चाक आणि मेण. आमची स्केटवाली मुले एकाच खेळात दोन्ही वापरतात.

चरबी लावलेला नियम

घर्षणाची मोजमापे प्रथम लिओनार्दो दा विंचीने केली. १४९३ च्या सुमाराच्या त्याच्या टिपणांत घसरणाऱ्या ठोकळ्यांची चित्रे आहेत. पण टिपणे छापली गेली नाहीत आणि त्याचे काम कोणाला उपयोगी पडले नाही. १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गीयोम आमोंतोंने तेच नियम पुन्हा मांडले. पहिला: घर्षण पृष्ठभागांना दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते. दुसरा: ते स्पर्श करणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. वीट आडवी ओढा की उभी, बल तेवढेच.

अकादमीच्या सभासदांना हा दुसरा नियम पटेना. क्षेत्रफळ वाढले की घर्षण वाढायलाच हवे, असे त्यांना वाटत होते. मग ल हीर या सभासदाने प्रयोग करून पाहिले आणि आमोंतोंचे म्हणणे बरोबर ठरले.

यात एक गंमत आहे, ती वर्गात सांगण्याजोगी. आमोंतोंला तांबे, लोखंड, शिसे, लाकूड या सर्वांसाठी घर्षण वजनाच्या सुमारे एक-तृतीयांशच मिळाले. इतके वेगवेगळे पदार्थ आणि उत्तर एक, हे कसे? कारण त्याने सगळ्या पृष्ठभागांना डुकराची चरबी चोळली होती! तो एका अर्थी चरबीचेच घर्षण मोजत होता. पाठ्यपुस्तकातला घर्षणाचा नियम सापडला तो वरळीच्या ओट्यासारख्याच, मुद्दाम तयार केलेल्या पृष्ठभागांवर.

घर्षणाचे कारण काय? आमोंतोंचे उत्तर: अडकणे. पृष्ठभागांवर बारीक उंचवटे असतात, ते एकमेकांत रुततात, आणि पुढे सरकताना प्रत्येक वेळी वरच्या वस्तूला उंचवटा चढावा लागतो. पुढे शार्ल कूलोम या लष्करी अभियंत्याने रॉशफोर येथील नौदलाच्या गोदीत मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. बांधलेले जहाज उतारावरून पाण्यात सोडताना लाकडी मार्गाला चरबी चोळत, त्यामुळे हा प्रश्न सरकारच्या जिव्हाळ्याचा होता. या कामासाठी कूलोमला १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि १७८५ मध्ये ते छापले गेले. त्याच्या डोळ्यांपुढचे चित्र होते दोन ब्रश समोरासमोर धरल्यावर केस केसांत गुंतावेत तसे. हेच चित्र शालेय पुस्तकांत उतरले: खडबडीत म्हणजे जास्त घर्षण, गुळगुळीत म्हणजे कमी.

ओढ

पण विरुद्ध पुरावा त्याही आधी पुढे आलेला होता. १७२५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये देझाग्युलिए याने शिशाचे दोन गोळे घेतले, प्रत्येकावर छोटा सपाट काप दिला आणि ते काप पिळून एकमेकांवर दाबले. गोळे इतके घट्ट चिकटले, की सुटे करायला चांगलेच बल लागले. पुढे त्याने असेही लिहून ठेवले, की पृष्ठभाग फार घासून चकचकीत केले तर घर्षण कमी होण्याऐवजी वाढूही शकते. म्हणजे पदार्थ एकमेकांना चिकटतात. याला शास्त्रीय भाषेत आसंजन म्हणतात. आमच्या वरळीच्या मित्राच्या भाषेत, ओढ.

१८०४ मध्ये जॉन लेस्ली याने आणखी एक मार्मिक शंका काढली. वस्तू उंचवटा चढते तशी पलीकडे उतरतेही. चढताना जे खर्चावे लागते ते उतरताना परत मिळायला हवे. मग सपाट रस्त्यावर घसरणारी वस्तू थांबते कशी? नुसत्या चढउताराने ऊर्जा नाहीशी होणार नाही. आपले विद्यार्थी ही शंका क्वचितच विचारतात. विचारली तर त्यांची पाठ थोपटावी.

तरीही ‘ओढ’ मागे पडली, याचे कारण आमोंतोंचा दुसरा नियम. चिकटण्यामुळे घर्षण होत असेल, तर जास्त क्षेत्रफळाला जास्त घर्षण हवे. तसे दिसत नाही. म्हणून चिकटणे खोटे! हा युक्तिवाद इतका बिनतोड वाटला, की तो सुटायला विसावे शतक उजाडले.

तो सोडवला केंब्रिजच्या फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एकमेकांवर ठेवलेल्या धातूंमधून विजेचा प्रवाह सोडून, प्रत्यक्ष स्पर्श किती जागेत होतो याचा अंदाज घेतला. उत्तर चकित करणारे होते. वरवर सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग फक्त काही उंचवट्यांच्या माथ्यांवर टेकतात. खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या फार लहान अंशाएवढा असतो. वजन वाढवले की माथे दबतात आणि खरे स्पर्शक्षेत्र त्याच प्रमाणात वाढते. वीट आडवी असो की उभी, वजन तेच, म्हणून खरे स्पर्शक्षेत्रही तेवढेच. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून असतेच. फक्त ते क्षेत्रफळ डोळ्यांना दिसणारे नव्हे. दोनशे वर्षांचा विरोधाभास एका वाक्यात मिटला. माथे जिथे चिकटतात तिथले सांधे तोडत वस्तू पुढे जाते, आणि हे तोडण्यात ऊर्जा खर्च होऊन तिची उष्णता होते. लेस्लीच्या शंकेचेही उत्तर मिळाले.

याचा अर्थ ‘अडकणे’ खोटे असा नाही. टणक, टोकदार कण मऊ पदार्थात रुतून नांगरासारखा चर पाडतात. खरखरीत काँक्रीटवर प्लॅस्टिकचा ठोकळा झिजतो तो याच कारणाने. घासल्याने ही नांगरणी थांबते, ओढ उरते. मुलगा म्हणाला होता ते असे शब्दशः बरोबर होते.

मेण काय करते?

मेणबत्तीचे पॅराफिन म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्यांचे रेणू. साखळीच्या आतले बंध पक्के, पण एका साखळीचा शेजारच्या साखळीशी संबंध अगदी सैल, त्यामुळे त्या एकमेकींवरून सहज सरकतात. विल्यम हार्डी याने १९२० च्या दशकात दाखवून दिले होते, की वंगणाचा अगदी रेणूभर जाडीचा थरही घर्षण खूप कमी करतो, आणि रेणूची साखळी लांब तसे घर्षण कमी.

पण मग सगळा ओटाच मेणाचा केला तर? चालणार नाही. मऊ मेणात ठोकळा रुतेल, स्पर्शक्षेत्र वाढेल आणि ओढही वाढेल. खुबी ही, की खाली टणक काँक्रीट हवे, म्हणजे वजन पेलले जाऊन स्पर्शक्षेत्र लहान राहील. आणि वर पातळ मेण हवे, म्हणजे त्या लहान क्षेत्रातले सांधे सहज तुटतील. टणक पाया आणि मऊ पापुद्रा: यंत्रांच्या कित्येक बेअरिंगमध्ये हेच तत्त्व वापरलेले असते.

फरक किती पडतो, ते गणिताने पाहू. घर्षणबल भागिले दाबणारे बल, याला घर्षणांक म्हणतात. उदाहरणासाठी समजा, मेण नसताना तो ०.५ आहे आणि मेण लावल्यावर ०.२. मुलगा सेकंदाला ५ मीटर वेगाने कडेवर आला. थांबेपर्यंतचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणांक × ९.८). उत्तर येते पहिल्या वेळी सुमारे २.५ मीटर, दुसऱ्या वेळी सुमारे ६.४ मीटर. सूत्रात मुलाचे वजन कुठेच नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. जाडा मुलगा आणि बारीक मुलगा सारखेच अंतर घसरतील.

आपल्या घरची उदाहरणे

मेण परदेशी खेळातले वाटत असेल, तर कॅरम घ्या. वरळीच्या बीडीडी चाळींपासून गिरगावापर्यंत गल्लोगल्ली कॅरमवर बोरिक पावडर पडते. गुळगुळीत, पॉलिश केलेल्या पटावर आपण मुद्दाम भुकटी टाकतो, म्हणजे ‘खडबडीतपणा’ वाढवतो, आणि सोंगटी जास्त पळते! बोरिक आम्लाच्या स्फटिकात रेणूंचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि ते पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटप्रमाणे एकमेकांवरून सरकतात.

दुसरे उदाहरण मल्लखांबाचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या नावारूपाला आणली. दादरच्या शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात आजही मुले मल्लखांबावर चढताना पाहता येतात. गुळगुळीत केलेल्या लाकडाला एरंडेल चोळतात, कारण गुळगुळीत लाकूडही उघड्या कातडीला ओढते आणि सोलते. पण तेल जास्त झाले तर पकडच राहत नाही. ‘बेताचे’ हा शब्द इथेही आहे, इजिप्तच्या वाळूत होता तसाच.

रस्ता कोणाचा?

आता आजोबांकडे वळू. रस्ता बांधणारा अभियंता नेमका मुलांच्या उलट विचार करतो. काँक्रीटचा रस्ता ओला असतानाच त्यावर ब्रशने किंवा दातेरी अवजाराने आडव्या रेघा ओढतात, म्हणजे पावसात टायर आणि रस्ता यांच्यामधले पाणी निघून जाईल व पकड राहील. रेल्वेच्या इंजिनात वाळूची पेटी असते. रूळ निसरडे झाले की चाकांपुढे वाळू सोडतात. शहराचा पृष्ठभाग पकडीसाठी तयार केलेला असतो. त्यावर मेण चोळणारा मुलगा, लहानशा पट्टीवर का होईना, तो करार मोडतो. वरळीला पावसाळ्यात लाटा पदपथावर येतात, शेवाळ धरते. त्यात मेणाची भर म्हणजे रबरी चपलेखालची आणि टेकलेल्या हाताखालची उरलीसुरली पकडही गेली.

आम्ही मुलांना सुचवले, की लाकडाची एक पेटी करून तिच्या कडेला लोखंडी अँगल ठोका. लोखंडाला मेणही थोडे पुरते आणि ओटा आजोबांना मोकळा राहील. मुले एकमेकांकडे पाहून हसली. ‘‘ते आम्हाला माहितीय काका. पण पेटी ठेवायची कुठे? घर एका खोलीचं आहे.’’ याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते भौतिकशास्त्रात नाही. तूर्त एवढे ठरले, की जाताना मुले जुन्या फूटपट्टीने मेण खरवडून, वर गरम पाणी ओतून कड पुसून जातील. आजोबांनी पाण्याचा थर्मास आणायचे कबूल केले.

वर्गात करून पाहा

एक खडबडीत शहाबादी फरशी, एक लाकडी ठोकळा, स्प्रिंगचा तानकाटा, पॉलिश पेपर आणि मेणबत्ती घ्या. ठोकळा संथपणे ओढून तानकाट्यावरचे वाचन तीनदा नोंदवा: फरशी आहे तशी असताना, ओढायची पट्टी घासल्यावर, आणि तीच पट्टी मेण लावल्यावर. ठोकळा आडवा व उभा ठेवून आमोंतोंचा दुसरा नियमही तपासा.

मग खोडरबर स्वच्छ, कोरड्या काचेवर दाबून सरकवा. काच फरशीपेक्षा किती तरी गुळगुळीत, तरी रबर अडून बसतो. आता काचेवर चिमूटभर टाल्कम पावडर टाका आणि पुन्हा सरकवा. काय झाले, आणि ‘गुळगुळीत म्हणजे कमी घर्षण’ या वाक्याचे आता काय करायचे, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. प्रयोग झाल्यावर सांडलेली पावडर आणि फरशीवरचे मेण पुसायला मात्र विसरू नका.